डीपीएफ धुतला तरी आठवड्यात परत दिवा लागतो, तेव्हा काय तपासायचं

राधानगरी भागातून दूध घेऊन येणारा एक बीएस ६ टेम्पो गेल्या महिन्यात पुन्हा आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजच्या दारात उभा राहिला. मामा, म्हणजे त्याचे ड्रायव्हर, खाली उतरायच्या आधीच खिडकीतून म्हणाले, "मिस्त्री, परत पेटला बघा. परवा तर धुऊन घेतलाय की." पेटला होता तो डॅशबोर्डवरचा डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा. त्याआधी दुसऱ्या एका गॅरेजात फिल्टर उतरवून दोनदा धुतला होता. माझ्याकडं पहिल्यांदा गाडी आली तेव्हा मीही स्कॅनर (गाडीचा कॉम्प्युटर वाचणारं यंत्र) लावून फोर्स्ड रीजन केलं, म्हणजे फिल्टरमधली काजळी मुद्दाम जाळायला लावली, दिवा विझला, गाडी सोडून दिली. तिथं माझं चुकलं. साठलेली काजळी जाळली, पण एवढी काजळी होतेच कशी, हे विचारलं नाही.

ज्यांची गाडी अशी फिरून फिरून गॅरेजात येते त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. कॉम्प्युटर नसलेल्या जुन्या पंप-नोझलच्या ट्रॅक्टरवाल्यांचं पुढं वेगळं सांगितलंय. उसाच्या हंगामात शिरोली नाक्यापासून कागलपर्यंत काळ्या धुराच्या मागं दुचाकीवर बसून ज्यांनी तोंडाला रुमाल बांधलाय, त्यांना ते का महत्त्वाचं आहे हे सांगावं लागणार नाही.

आधी किलोमीटर आणि डिपस्टिक

डीपीएफ म्हणजे मधमाशांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट. शेजारशेजारच्या नळ्यांची तोंडं आलटून पालटून बंद केलेली असतात. धुराला सच्छिद्र भिंतीतून पलीकडं जावं लागतं आणि काजळी अलीकडं अडकते. ही काजळी ऑक्सिजनने जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात. दर दोन किलोमीटरला थांबून कॅन चढवणाऱ्या टेम्पोच्या सायलेन्सरला एवढी उष्णता आपोआप मिळत नाही. म्हणून ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मुख्य फवाऱ्यानंतर बऱ्याच उशिरा थोडं जादा डिझेल सोडतो. ते सिलेंडरात न जळता बाहेर पडतं, डीपीएफच्या अलीकडच्या कॅटॅलिस्टवर जळतं आणि फिल्टर तापतो. हे काम, म्हणजेच रीजन, पुरं व्हायला गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग चालावी लागते. मध्येच चावी बंद केली की काम अर्धं राहतं आणि पुढच्या वेळी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून पहिला प्रश्न: दोन रीजनच्या मध्ये गाडी किती किलोमीटर चालते? स्कॅनरमध्ये शेवटच्या रीजननंतरचं अंतर दिसतं. स्कॅनर नसेल तर ड्रायव्हरला लक्षात येण्याजोग्या खुणा आहेत: आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) थोडं चढतं, पंखा विनाकारण फिरतो, गाडीखालून तापल्याचा वास येतो. रीजन नीट पुरं होऊनही फिल्टर शंभरेक किलोमीटरच्या आतच भरत असेल, तर इंजिन काजळी जास्त करतंय. अंतर बरं आहे पण रीजन दर वेळी अर्धवट सुटतंय, तर दोष चालवण्याच्या पद्धतीत आहे. त्या गाडीला आठवड्यातून एकदा हायवेला नेऊन कागलपर्यंत चौथ्या गिअरात सलग पळवून आणली तरी पुष्कळ फरक पडतो.

दुसरी खूण डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या कांडीवर असते. उशिरा सोडलेल्या डिझेलचा थोडा भाग सिलेंडरच्या भिंतीवर बसतो आणि रिंगांवाटे खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो. ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. मामांच्या टेम्पोत ते वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं, आणि कांडी नाकाजवळ नेली तर सरळ डिझेलचा वास. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला आणि टर्बोला घातक असतं. ऑइल वाढलेलं दिसलं तर गाडी पळवत राहू नका.

आणि एक फरक लक्षात ठेवा. काजळी जळते, राख जळत नाही. राख ऑइलमधल्या रसायनांची असते, ती हळूहळू साठतेच. म्हणून डीपीएफ असलेल्या गाडीला कंपनीने सांगितलेलं कमी राखेचंच ऑइल लागतं. पण राखेने फिल्टर भरायला लाखाच्या आसपास किंवा त्याहून जास्त किलोमीटर जातात. ३०-४० हजारांत राखेवर खापर फोडू नका.

काजळी होते कशी

इथं थोडं थांबतो, कारण हे कळलं की पुढची तपासणी आपोआप सुचते.

डिझेलला स्पार्क नसतो. दाबून तापलेल्या हवेत फवारा मारला की तो आपला आपण पेट घेतो, पण लगेच नाही. थेंबाची वाफ व्हायला, ती हवेत मिसळायला काही क्षण जातात. २००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १२ अंश फिरतो, म्हणजे एवढासा उशीरही टायमिंगच्या (फवारा कधी सुटतो त्याच्या) हिशेबात मोठा असतो. या काळात जेवढं डिझेल आत जमतं ते पेटताना एकदम भडकतं. डिझेलची खडखड ती हीच. त्यानंतरचं डिझेल मात्र जसजसं हवेत मिसळेल तसतसं जळतं, आणि काजळीचा जन्म इथंच. फवाऱ्याच्या मध्यभागी डिझेल दाट आणि हवा कमी. गरजेच्या निम्मी हवासुद्धा जिथं नाही, तिथं डिझेल तापून फुटतं आणि त्याचे कार्बनचे गोळे होतात. एकेक गोळा वीस-तीस नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), मग ते माळेसारखे चिकटून मोठे होतात.

जवळजवळ प्रत्येक डिझेल इंजिनात प्रत्येक स्ट्रोकला भरपूर काजळी तयार होते. चांगल्या इंजिनात तिच्यातली बहुतेक त्याच ज्वाळेच्या कडेला हवा भेटून जळून जाते. धूर म्हणून आपल्याला दिसते ती न जळता उरलेली. त्यामुळं गडबड दोन ठिकाणी होऊ शकते: एकतर काजळी जास्त झाली, नाहीतर ती जळायला वेळ, उष्णता किंवा हवा उरली नाही.

इंजेक्शनच्या सेटिंग यात कुठं बसतात ते आता बघा. टायमिंग उशिरा केलं तर ज्वाळा पिस्टन खाली जात असताना जळते, तापमान पडतं, काजळी अर्धी कच्ची बाहेर येते. टायमिंग आधी केलं तर धूर कमी दिसतो, पण तापमान आणि दाब दोन्ही चढतात आणि नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पीयूसीत डिझेल गाडीचा फक्त धूर किती दाट ते मोजतात, म्हणून काही जण टायमिंग पुढं ढकलून कागद घेऊन जातात. मला ते पटत नाही. फुप्फुसाला दोन्ही बाधतात, आणि हेड गॅस्केट त्या दाबाने उडाली की खर्च मालकाचाच.

दाब वाढवला की थेंब बारीक होतात, फवारा जास्त हवा ओढतो, काजळीचं वजन घटतं. जुन्या नोझल (फवारा मारणारी टोकं) साधारण २०० बारच्या आसपास उघडायच्या. कॉमन रेलमध्ये, म्हणजे फवारा मारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं त्या पद्धतीत, आयडलिंगलाच २५०-३५० बार असतात आणि लोडवर १६०० ते २००० किंवा त्याहून वर. पण धूर दिसेनासा झाला म्हणजे कण संपले असं नाही, उरलेले कण फार बारीक असतात. बीएस ६ मध्ये म्हणूनच डिझेल गाड्यांना वजनाबरोबर कणांची संख्याही मोजून द्यावी लागते. कारसारख्या गाड्यांना किलोमीटरला ६० हजार कोटी कणांच्या आत, आणि वजनाची मर्यादा ४.५ मिलिग्रॅम. बीएस ४ ला हेच वजन २५ मिलिग्रॅम होतं. ही उडी फक्त सिलेंडरात मारता येत नाही, म्हणून डीपीएफ आला.

आता पायलट. मुख्य फवाऱ्याआधी ईसीएम एक-दोन घन मिलिमीटरची छोटी पिचकारी मारतो. ड्रॉपरने टाकलेल्या पाण्याच्या एका थेंबाचा पंचवीस ते पन्नासावा भाग समजा. ती आधी जळून आतली हवा गरम करते, मुख्य फवारा शांतपणे पेटतो, खडखड जाते. पण पायलट गरजेपेक्षा मोठी किंवा मुख्य फवाऱ्याच्या फार जवळ आली, तर मुख्य फवारा आधीच जळत असलेल्या, ऑक्सिजन कमी झालेल्या धुरात शिरतो आणि काजळी वाढते. उलट मुख्य फवाऱ्याच्या अगदी मागोमाग मारलेली छोटी पिचकारी उरलेली काजळी ढवळून जाळायला मदत करते. एवढ्या बारीक हिशेबावर आजचं इंजिन चालतं. एक इंजेक्टर अर्धा घन मिलिमीटर चुकला तर मुख्य फवाऱ्यात ते कळणारही नाही, पण पायलटचा सगळा हिशेब कोलमडतो.

आमचा तपासणीचा क्रम

इंजेक्टरला हात लावायच्या आधी हवा तपासा. ते स्वस्तात होतं, आणि हवा कमी पडली तरी धूर अगदी तसाच येतो. एअर फिल्टर, इंटरकूलरचे होज (क्लॅम्पखालची चीर हात फिरवल्याशिवाय सापडत नाही, आणि तिच्याभोवती ऑइलची ओल असते), टर्बोचा शाफ्ट हलतोय का, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा राहून अडकलाय का, हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ आहे का. ईजीआर अडकलेला असेल तर साफ करा, पत्रा मारून बंद करू नका. काजळी कमी होईल, पण नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतील आणि बीएस ६ चा ईसीएम लगेच कोड टाकेल.

फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणारा सेन्सर आणि त्याच्या रबरी नळ्याही याच वेळी बघा. नळीत पाणी किंवा चीर असेल तर फिल्टर मोकळा असूनही दिवा लागतो.

मग स्कॅनरवर रेलचा मागितलेला आणि मिळालेला दाब एकत्र बघा. आयडलिंगला जुळतात आणि चढाला मिळालेला मागं पडतो, तर पंप, डिझेल फिल्टर किंवा रेलचा व्हॉल्व्ह. त्यानंतर प्रत्येक सिलेंडरची करेक्शन व्हॅल्यू. कमजोर सिलेंडरला ईसीएम जादा डिझेल देतो, जास्त ताकद देणाऱ्याचं कापतो. चारही आकडे शून्याच्या जवळ असावेत. त्यानंतर रिटर्न टेस्ट: प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकसारखी बाटली लावायची, ठरावीक वेळ इंजिन चालवायचं आणि बाटल्या शेजारी शेजारी ठेवायच्या. एक बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. कॉमन रेलचा पाइप चालू इंजिनवर कधी ढिला करू नका. जुन्या ट्रॅक्टरवर एकेक पाइप ढिला करून कुठलं सिलेंडर चालत नाही ते बघायची सवय इथं जिवावर बेतते. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं, वर फक्त सुईएवढी खूण दिसते, आणि काही तासांत हात सुजतो. असं झालं तर मलम लावत बसू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

मामांच्या टेम्पोत काय निघालं

हवा ठीक. रेलचा दाब ठीक. रिटर्नच्या बाटल्या जवळजवळ सारख्या. पण दोन नंबरचं करेक्शन एका बाजूला आणि तीन नंबरचं बरोब्बर उलट्या बाजूला. विचारपूस केल्यावर कळलं की सहा महिन्यांपूर्वी इंजेक्टरखालून गॅस गळत होता, म्हणून एका ठिकाणी चारही इंजेक्टर काढून साफ करून बसवले होते.

प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षरं आणि आकड्यांचा एक कोड असतो. कारखान्यात टेस्ट बेंचवर त्या इंजेक्टरने किती डिझेल दिलं, त्याची ती जन्मपत्रिका. तो कोड ईसीएममध्ये त्याच सिलेंडरसमोर असावा लागतो. इथं दोन आणि तीनची अदलाबदल झाली होती आणि कोड तसेच राहिले होते. एकाला पायलट जवळजवळ मिळतच नव्हती, दुसऱ्याला दुप्पट.

एवढ्यावर थांबलो असतो तर आणखी एक खेप झाली असती. तीन नंबरचा इंजेक्टर काढला तेव्हा त्याच्या बुडाला डांबरासारखा काळा थर चिकटला होता. टॉर्च आणि डेंटिस्टचा छोटा आरसा घेऊन भोकात बघितलं. तळाशी तांब्याचं एक वॉशर करपून बसलेलं. जुनं न काढता त्याच्यावरच नवं बसवलेलं. ते आकड्याने ओढून काढलं, दोन्ही तळहातावर ठेवली. एक लालसर चकचकीत, एक तव्याच्या बुडासारखं काळं. व्हर्नियर लावला, प्रत्येकी दीड मिलिमीटर.

दीड मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. नोझलचं भोक ०.१२ मिलिमीटरच्या आसपास असतं आणि फवारा पिस्टनच्या वाटीत एका ठरलेल्या जागी आपटावा असं त्याचं गणित असतं. नोझल दीड मिलिमीटर वर राहिली की फवारा वाटीच्या काठावर आणि वरच्या सपाट भागावर जातो, तिथून थेट लायनरवर, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर. तिथं हवा कमी, भिंत थंड. डिझेल जळत नाही, काजळी होते, उरलेलं ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला येणारा वास फक्त अर्धवट रीजनचा नव्हता, त्याचं दुसरं मूळ इथं होतं.

इंजेक्टर बसवताना म्हणून एवढं करा: जुनं वॉशर निघालं का ते मोजून घ्या, चार लावलेली असतील तर चार हातात आली पाहिजेत. बसायची जागा त्यासाठीच्या कटरने साफ करा, स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. नवं वॉशर त्याच जाडीचं घ्या, जुनं तापवून परत वापरू नका. क्लॅम्प टॉर्क रेंचने आवळा. आणि गाडी द्यायच्या आधी चारही कोड वाचून ईसीएमशी जुळवा.

पंप-नोझलवाल्या ट्रॅक्टरसाठी

इथं कॉम्प्युटर नाही, म्हणून सगळं हातात आहे, आणि त्यामुळंच हात लावायचा मोह होतो. हंगाम सुरू झाला की "पंप थोडा वाढवून द्या, दोन ट्रॉल्या ओढत नाहीत" म्हणत माणसं येतात. डिझेल वाढवणारा स्क्रू फिरवणं पाच मिनिटांचं काम आहे. पण सिलेंडरात हवा तेवढीच राहते. डिझेल पूर्ण जळायला वजनाच्या साधारण साडेचौदा पट हवा लागते, आणि मिसळायला वेळ कमी असल्याने प्रत्यक्षात अठरा-वीस पटींच्या खाली गेलं की धूर सुरू होतो. त्या पुढचं प्रत्येक थेंबभर डिझेल ओढायला फार थोडं कामाला येतं, बाकी सगळं सायलेन्सरमधून रस्त्यावर. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे आणि इथं हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण ६ टक्क्यांनी कमी. रत्नागिरीला काठोकाठ सेट केलेला बिनटर्बोचा पंप आंबा घाट चढून वर आला की काळं ओकायला लागतो. पंप बिघडलेला नसतो, हवा पातळ झालेली असते.

माझा अनुभव असा की ओढत नाही अशी तक्रार आलेल्या बहुतेक ट्रॅक्टरांत नोझल थकलेली असते. हँड टेस्टरवर लावा. स्प्रिंग बसल्याने उघडायचा दाब मॅन्युअलमधल्या आकड्याच्या खाली आला असेल तर शिम (स्प्रिंगखालची पातळ चकती) बदलून तो परत आणा. फवारा धुक्यासारखा हवा, करकर आवाजासह. उघडायच्या दाबाच्या २० बार खाली दहा सेकंद धरा, टोकाला थेंब लोंबता कामा नये. लोंबला तर ते डिझेल फवारा संपल्यावर आत पडतं आणि त्याची काजळीच होते. हात फवाऱ्यासमोर इथंही नको.

नोझल चांगली आणि धूर तरी, तर टायमिंग. पंपातल्या झिजलेल्या प्लंजरमधून (डिझेल दाबणाऱ्या दट्ट्यातून) डिझेल मागं गळतं, दाब उशिरा तयार होतो, आणि खुणा जुळलेल्या असूनही इंजेक्शन उशिरा होतं. इंजिन तापतं, पिकअप जातो, सायलेन्सरची नळी रात्री लालसर दिसते. अशा वेळी पंप फिरवून टायमिंग पुढं घेणं हा तात्पुरता इलाज आहे, पंप बेंचवरच गेला पाहिजे.

फिल्टर काढून टाकायचा सल्ला

दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, आतली वीट काढून मोकळी नळी लावली तर? मी ते करत नाही. कायद्याने चालत नाही हे एक. दुसरं म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला. त्या सायलेन्सरजवळ दिवसभर सगळ्यात जास्त वेळ उभा असतो तो दूध मोजणारा पोरगा. आणि इंजिनाच्या बाजूनेही बघा: मामांच्या टेम्पोचा फिल्टर काढला असता तर दिवा गेला असता, पण तीन नंबरची नोझल लायनर धुतच राहिली असती आणि वर्षाच्या आत पिस्टन हातात आला असता.

दुरुस्तीनंतर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलले, कोड भरले, एक फोर्स्ड रीजन करून फिल्टर रिकामा केला. मामांच्या दुधाच्या वहीत लिटर, फॅट आणि एसएनएफचे रकाने असतात. त्याच्या कडेला आता एक नवा रकाना आलाय: आयडलिंग चढलं तेव्हाचं किलोमीटर आणि डिपस्टिकची खूण. दुरुस्तीच्या आधी हे अंतर नव्वदच्या आसपास होतं. परवा ते वही घेऊन आले, शेवटच्या दोन नोंदींत ३८० आणि ४१० होते, ऑइल खुणेवर.